आपलंघर एक दोन तीन

निळा ठिपका. मोहरीच्या दाण्याएवढा, पुस्तकांच्या कपाटावर, कॅमेऱ्याच्या गोल डोक्याच्या जरा खाली. चहाचा कप हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. निळा म्हणजे कॅमेरा चालू आहे, पण आत्ता कुणी बघत नाही. हिरवा झाला की समजायचं, कुठेतरी कुणीतरी फोन उघडून या हॉलमध्ये बघतंय... हे तिला काल संध्याकाळी कळलं. दोन वर्षं ती नेमकं उलटं समजत होती. जी बाई दिवसभर लोकांना सांगते की हिरवा म्हणजे रस्ता मोकळा, जा, घाबरू नका, तिनं हिरव्या दिव्याचा दुसरा काय अर्थ लावायचा होता? दुपारी घरी यायचं, चपला काढायच्या, वर बघायचं — हिरवा, म्हणजे सगळं ठीक — आणि मग सुरुवात करायची. निळा दिसला तर उलट चुकचुकायची, मेला बिघडला की काय. गाढव. एखाद्या शिकाऊ माणसानंसुद्धा अशी चूक केली नसती. नाही, शिकाऊ माणसानं केलीच नसती, अशी चूक करायला वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवावं लागतं.

‘चहा गार होतोय,’ नवरा म्हणाला. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. ‘काळजी करू नकोस गं. आज पासवर्ड बदलून टाकतो, विषय संपला.’

विषय संपला. त्याचे सगळे विषय असेच संपतात, नाडीची गाठ मारावी तसे, आणि गाठ मारून तो उठतो आणि जातो. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ते तिनं चहाबरोबर गिळलं. ते दुपारसाठी ठेवायचं — असं ती सवयीनं पुटपुटली मनात, आणि मग आठवलं की दुपार आता राहिलेली नाही.

कारण दुपारी ती भांडायची. सकाळच्या शिकवण्या आणि संध्याकाळच्या शिकवण्या यांच्या मधला तो तुकडा तिचा, घर रिकामं, मुलगी वसतिगृहात, नवरा शोरूममध्ये. हॉलच्या मधोमध उभी राहून ती मोठ्यानं भांडायची. नवऱ्याच्या खुर्चीला नवरा समजायची, दिवाणाच्या कोपऱ्याला सासूबाई, आणि शिकवणीतल्या बड्या धेंडांना समोरच्या स्टुलावर बसवायची. जे जे तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं, हातवारे करून, नावं ठेवून, शिव्या देऊन, क्वचित रडून. नवऱ्याची वाक्यंही तीच बोलायची, त्याच्याच त्या मऊ आवाजात — ‘अगं, असं काय करतेस?’ — आणि मग त्याला असं काही उत्तर द्यायची की खुर्ची गप्प. रोज जिंकायची. मग तोंड धुवायचं, दोन घास खायचे आणि पुन्हा गाडीत जाऊन बसायचं, शांत, सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये शांत म्हणून प्रसिद्ध. मॅडम कधी चिडत नाहीत हं. हो ना, मॅडम दुपारी चिडून येतात! माझ्या शांतपणाचं सगळं भांडवल त्या एका तासात होतं आणि तो तास मी कुणाला तरी फुकट दाखवत होते, वर, कपाटावरून, मान वळवून वळवून.

कॅमेरा आला तो सासूबाई पडल्या तेव्हा. थोरल्या दिरांकडून त्या चार दिवस राहायला आल्या होत्या. बाथरूमच्या दारात पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, आणि चार दिवसांचे दोन महिने झाले. याच हॉलमध्ये त्यांची खाट होती. सगळ्यांना काळजी, म्हणून सगळ्यांना बघायचं होतं. आणि नवऱ्याचा स्वभाव... फर्निचरच्या शोरूमचा मॅनेजर तो, दिवसभर अनोळखी माणसांना ‘या, बसा, आडवे होऊन बघा, संकोच करू नका’ म्हणतो, आणि ते अगदी मनापासून म्हणतो, हेच तर वाईट आहे, खोटं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं कॅमेरा लावला आणि त्याच दिवशी पासवर्ड घरच्या ग्रुपवर टाकून दिला. आपलंघर एक दोन तीन. मधे कुठे जागा न सोडता. वायफायचा तोच, टीव्हीचा तोच, दिवे लावणाऱ्या त्या बोलक्या डबीचा तोच. ‘आपल्याच माणसांत कसली आलीत कुलपं?’ सासूबाई बऱ्या झाल्या, काठी टेकत परत गेल्या, खाट गेली, कॅमेरा राहिला. असू दे, चोराचिलटाची भीती असते, म्हणाला.

तेव्हापासून नऊ फोनांमध्ये तिचा हॉल होता. नणंद दुसऱ्या शहरातून फोन करून सांगायची, ‘वहिनी, पडदे बदललेस? जुने बरे होते.’ मावससासऱ्यांनी एकदा कळवलं की तुमच्या घड्याळाची बॅटरी संपलेली दिसते. तिनं बॅटरी बदलली. बदलली! तेव्हाच स्टूल घेऊन चढून तो कॅमेरा उपटायला हवा होता, तर ही बाई बॅटरी आणायला गेली. पण तिचीही एक समजूत होती ना, की बघतात तेव्हा कळतं, बघतात तेव्हा तो लाल वगैरे होत असणार...

काल नणंदेचाच फोन आला होता. ‘वहिनी, कॅमेरा तू फिरवतेयस का?’

‘नाही. मी भांडी घासतेय.’

‘मग तो मान कसा वळवतोय? आधी दाराकडे होता, आता स्वयंपाकघराकडे बघतोय. तू दिसतेयस.’

ती ओल्या हातांनी बाहेर आली. कॅमेरा तिच्याकडेच बघत होता. ठिपका हिरवा. सगळं ठीक.

मग नवरा घरी आल्यावर शोधमोहीम निघाली. या खात्यात दहा फोन आहेत, असं त्या कॅमेऱ्याचं म्हणणं होतं. नऊ घरचे. दहावा कुणाचा? त्यानं एकेकाला फोन लावले, आणि तिनं दिवाणावर बसून ते सगळं ऐकलं — ‘आठव, एखादा जुना फोन, मुलांना खेळायला दिलेला?’ मावससासरे म्हणाले, माझाच असेल, माझा म्हणून टाक. थोरले दीर म्हणाले, कुणाचा का असेना, आपल्यातलाच असणार. लग्नाच्या जेवणात एखादा न बोलावलेला माणूस शिरतो, मुलीकडचे त्याला मुलाकडचा समजतात आणि मुलाकडचे मुलीकडचा, आणि तो पोटभर जेवून विडा खात निघून जातो, तसा तो दहावा कोण जाणे कधीपासून या घरात जेवत होता. कुणालाही तो परका वाटला नाही. वाटणार कसा? इतकी माणसं बघणारी असल्यावर बघणाऱ्याला परका म्हणायचं कशावरून?

‘रेकॉर्डिंगपण होतं का यात?’ तिनं विचारलं होतं. आवाज सांभाळून.

‘होतं की. हे बघ.’ त्यानं अंगठ्यानं पडदा सरकवला. लहान लहान चित्रं, पत्त्यांसारखी, खाली खाली जाणारी, आणि प्रत्येकात तीच, हात वर, तोंड उघडं. ‘हे काय करतेस गं दुपारची? व्यायाम?’

तिला वाटलं होतं, आता तो एखाद्या चित्रावर बोट ठेवेल. बोट ठेवलं असतं तर आवाज आला असता. पण त्याचा अंगठा नुसता घसरत गेला. ‘बाप रे, एवढं सगळं! कोण बघत बसणार? कुणाला वेळ आहे?’ असं म्हणून त्यानं फोन उपडा ठेवला, आणि ती सुटली म्हणून तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचा इतका राग आला की रात्रभर कूस बदलताना पाठ दुखली. ज्याला ऐकायला हवं होतं त्याच्या खिशात दोन वर्षं सगळं होतं. त्यानं ऐकलं नाही. ऐकायला एक चोर यावा लागला.

‘मॅडम, मी काय केलं?’

गाडी रस्त्यात उभी होती. मागून हॉर्न. स्टिअरिंगवर बसलेली नर्सबाई घाबरून तिच्याकडे बघत होती. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असतो, शिकाऊ चुकला तर दाबायला, आणि तिचा पाय त्याच्यावर होता, चांगला गच्च. समोर रस्ता रिकामा. सिग्नल हिरवा.

‘काही नाही. तुमचं बरोबर होतं. चला, पहिला गिअर.’

‘तुम्ही दाबलात ना ब्रेक?’ नर्सबाई गाडी पुढे काढत म्हणाली. बोलकी बाई, पेशंटला सुई टोचतानासुद्धा अशीच बोलत असेल. ‘नाही, खरं सांगू का? राग मानू नका. तुम्ही इतका हळूच दाबता ना, की मला कळतच नाही मी चुकतेय ते. मला वाटतं, मला छान येतंय.’

‘समोर बघा.’

‘बघतेय. पण एकदा तरी धडकू द्या मला, फुटपाथला वगैरे.’

ती हसली नाही. एरवी हसली असती. वीस वर्षं लोकांच्या चुका तिच्या पायाखाली येऊन थांबत आल्या आहेत, आणि ते घरी जाऊन सांगतात, आम्हाला छान येतं. बाबा असे शिकवत नव्हते. बाबांच्या गाडीला कुठला दुसरा ब्रेक? रिकाम्या मैदानावर स्टिअरिंग तिच्या हातात देऊन ते शेजारी हाताची घडी घालून बसायचे आणि ती थेट कुंपणात घुसली तेव्हा म्हणाले, ‘हं. आता कळलं ना कुंपण कुठे आहे?’ आणि तेच बाबा... सासूबाईंची खाट हॉलमध्ये होती त्याच दिवसांत बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं, तिकडे, गाडीनं गेलं तर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. भाऊ सांगत होता, ये. ती बॅग भरत होती. आणि नवरा बॅगेशेजारी बसून म्हणाला होता, त्या मऊ आवाजात, ‘रविवारी जा ना. रविवारी मी घरी असेन आईजवळ. काही होत नाही त्यांना एवढ्यात.’ बॅगेची चेन अर्धी लावलेली. ती थांबली. बाबा शुक्रवारी गेले.

दुपारची सगळी भांडणं शेवटी तिथेच यायची. पडद्यांवरून सुरू झालेलं असो, भाजीवरून असो, पाणी जसं मोरीकडे वळतं तसं ते तिकडेच वळायचं. ती खुर्चीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, ‘तुम्ही रविवारी म्हणालात.’ एवढंच. त्याच्यापुढचं वाक्य आजवर आलं नव्हतं. खुर्ची काही बोलत नसे, आणि नवऱ्याचं उत्तर त्याच्या आवाजात करून दाखवायला जावं तर तोच आवाज तिला काढता येत नसे. त्याला ती हे कधीच म्हणाली नव्हती. भाऊ, बहीण, मुलगी, कुणालाच नाही. माझं एवढं एकच वाक्य होतं, कुणाच्याही हाताला न लागलेलं.

दुपारी ती घरी आली. चपला काढल्या. वर बघितलं: हिरवा.

सकाळी ठरवलं होतं की वर एक फडकं टाकायचं. फडकं स्वयंपाकघरात होतं. तिथे जायचं तर हॉलमधून जावं लागणार, आणि तेवढ्या चार पावलांत आपण कशा दिसतो, पोट आत घ्यावं का, पदर नीट आहे का, असे विचार आपोआप आले आणि तिचं डोकंच फिरलं. स्वतःच्या घरात! एखाद्या मुलाखतीला आल्यासारखी ती दारात उभी होती, पर्स छातीशी धरून. दहावा बघतोय? बघ. एव्हाना नवऱ्यानं काढून टाकला असेल त्याला. मग कोण बघतंय? मुडद्या, जो कोण असशील तो... पण हे ती मनात म्हणत होती. तोंड उघडत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी घर गप्प होतं.

फोन वाजला. सासूबाई.

‘अगं, बाळ काल विचारत होता. तो दहावा फोन माझा नाही हं.’

‘माहीत आहे, आई.’

‘माझा आहे तो घरच्यांतला. पण मी काही बघत नाही हो तुमच्यात. डोळे कुठे साथ देतात आता?’

‘हं.’

‘ऐकते फक्त.’

ती खाली बसली. जिथे उभी होती तिथेच, पायपुसण्यावर.

‘दुपारी इथे कुणी नसतं,’ सासूबाई सांगत होत्या, हवापाण्याचं सांगावं तसं. ‘मग ते लावून ठेवते उशाशी. आधी वाटलं, कुणी आलंय तुझ्याकडे. मग लक्षात आलं, एकटीच आहेस.’

‘केव्हापासून?’

‘इकडे परत आल्यापासूनच म्हण. मला नावं ठेवतेस त्यातलं पुष्कळसं खरंच आहे. खाटेवरून छळलं मी तुला, नाही कशाला म्हणू? पण ते पातेलं मी नव्हतं हं जाळलं. ते बाळनं जाळलं.’

‘आई, तुम्ही दोन वर्षं...’

‘बोलले नाही. म्हटलं, तुला तेवढीच एक जागा आहे.’ काठी कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. ‘पण रविवारचं त्याला का सांगत नाहीस? रोज भिंतीला काय सांगतेस?’

तिच्या कानात काहीतरी सणकत गेलं. ‘तुम्ही का नाही सांगितलंत मग?’

‘मी कशाला सांगू? ते तुझं आहे.’ आणि मग, ‘आज आवाज आला नाही म्हणून फोन केला. बरी आहेस ना? ठेवते.’

पायपुसण्यावर बसून तिनं वर बघितलं. हिरवा. अजून हिरवा. त्या ठेवते म्हणाल्या ते फोनचं, ऐकणं चालूच होतं.

राग... राग या शब्दात मावेना. चोराचं समजू शकत होतं, चोर चोरीच करणार. पण ही दया? माझ्या शिव्या उशाशी घेऊन झोपायचं, आणि पुन्हा मोठेपणानं म्हणायचं, तुला तेवढीच जागा आहे? ती जागा होती कुठे? तुम्ही आधीच तिथे चटई टाकून बसला होतात! गेल्या उन्हाळ्यात त्या फोनवर म्हणाल्या होत्या, घसा बसलाय तुझा, दुपारी पाणी पीत जा. तिला केवढं भरून आलं होतं तेव्हा. तेही त्यातलंच. सगळं त्यातलंच. आणि सगळ्यांत वाईट हे की बाबांचं ऐकलं होतं कुणीतरी, दोन वर्षं रोज ऐकलं होतं, आणि रागाच्या तळाशी, अगदी तळाशी, ज्याला हात लावायची तिची इच्छा नव्हती असं काहीतरी हललं. त्याचाही तिला राग आला. तिनं पर्स भिंतीवर फेकून मारली. आतली लायसन्सं जमिनीवर पसरली, शिकाऊंचे फोटो, सगळे घाबरलेले.

ती लायसन्सं गोळा करत होती तेव्हा फोनवर घरच्या ग्रुपचा निरोप आला. नवऱ्याचा. ‘सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला आहे. नवा पासवर्ड — आपलंघर एक दोन तीन चार. बाहेर कुणाला देऊ नये.’ खाली लगेच अंगठे. नणंदेचा बदाम. मावससासऱ्यांचं ‘मस्त काम’.

ती हसायला लागली. एकटीच, लायसन्सं हातात घेऊन, मोठ्यानं, इतकी की पोटात दुखलं. चार! चार घातला त्यानं पुढे! ऐका हो, सगळ्यांनी ऐका. हसताना तिच्या लक्षात आलं की ती आवाज दाबत नाहीये.

फडकं तिनं टाकलं नाही. कॅमेऱ्याची वायरही काढली नाही. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. संध्याकाळच्या शिकवणीत तिनं दोन्ही पाय मागे, सीटखाली घेऊन ठेवले, आणि तिचे शिकाऊ, एक निवृत्त पोस्टमास्तर, वळणावर फुटपाथला घासले, चाकाचा कर्र आवाज झाला, ते पांढरेफटक पडले आणि मग म्हणाले, ‘अरेच्चा, इतका जवळ होता?’

नवरा घरी आला तेव्हा खुशीत होता. पिशवी ठेवली, पंखा लावला, त्याच खुर्चीत बसला. रोज दुपारी ती जिच्याशी बोलते ती खुर्ची, आणि तिच्यात तो, घामेजलेला, जरासा टक्कल पडू लागलेला, शोरूममध्ये दिवसभर उभं राहून पाय सुजलेला. खुर्चीपेक्षा कितीतरी लहान दिसत होता. ‘झालं बघ काम,’ तो म्हणाला. ‘आता काळजी नको. दहावा गेला.’

ती समोरच्या दिवाणावर बसली होती. कपाटावर ठिपका निळा होता. मग त्यानं मोजे काढले, वाकून, एक एक, आणि ती बघत असताना ठिपका हिरवा झाला. सासूबाई असतील. नणंद असेल. चारचा आकडा सुचला असेल तर तो दहावाही असेल. असू देत. येऊ देत सगळ्यांना, बसू देत, संकोच करू नये कुणी.

‘काय गं? अशी का बघतेस?’

तिला जाणवलं, तिचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला आहे, टाचेपासून चवड्यापर्यंत, पोटरी दुखेल इतका. किती वर्षांपासून असा दाबून बसते मी याच्यासमोर? तिथे तर नुसती फरशी आहे. तिनं पाय उचलला, दिवाणावर घेतला, मांडीखाली दुमडला. पुढचं वाक्य अजूनही तिला माहीत नव्हतं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तुम्ही रविवारी म्हणालात.’ आवाज दुपारचा होता.